सर्वांना सप्रेम निमंत्रण

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्याकडे कुठल्याही जाहीर कार्यक्रमाची पत्रिका उघडून पाहा. तारीख, वार, वेळ, प्रमुख पाहुण्यांचे नाव, आणि सगळ्यात खाली एक ठरलेले वाक्य असते : ‘तरी सर्वांनी अगत्य यावे, हे सप्रेम निमंत्रण.’ मी आयुष्यभर इतिहास शिकवला, पण त्याहून जास्त वेळा बहुधा हे वाक्य लिहिले असेल. अक्षर बरे, म्हणून आमच्या गावात पत्रिकेचा मजकूर माझ्याकडेच येतो. ‘सर्वांनी’ या शब्दाचा अर्थ काय, हे मात्र मला वयाच्या साठीनंतर कळले. तेही एका जुन्या सभागृहाच्या अकरा पायऱ्यांवर.

सभागृह आमच्याच गावातले. शंभरी केव्हाच ओलांडलेली दगडी इमारत, उंच जोते, समोर अकरा पायऱ्या, आत लाकडी व्यासपीठ. गावातले प्रत्येक मोठे व्याख्यान तिथे झालेले. एका वर्षी वर्धापनदिनाला वक्ता म्हणून आम्ही नानांना बोलावले. नाना माझे मित्र. या सभागृहाचा इतिहास त्यांनीच जुनी दप्तरे धुंडाळून लिहिला होता. मधल्या काळात अपघात झाला आणि नाना चाकाच्या खुर्चीवर आले. हे आम्हाला ठाऊक नव्हते का? चांगले ठाऊक होते. पण पत्रिका छापताना, हारतुरे आणताना, ध्वनिक्षेपक तपासताना ‘नाना वर कसे येणार?’ हा प्रश्न एकालाही पडला नाही. ऐनवेळी चार पोरे धावली आणि त्यांनी नानांना खुर्चीसकट उचलून वर नेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषण उत्तम झाले. उतरताना नाना माझ्या कानाशी हळूच म्हणाले, “या हॉलमध्ये मी चाळीस वर्षे माणूस म्हणून आलो. आज सामान म्हणून आलो.”

पुढच्या वर्षी नाना आले नाहीत. निमंत्रण मीच लिहिले होते. ‘सर्वांनी अगत्य यावे.’

तेव्हापासून मी जुन्या सभागृहांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो. हे बांधले कोणासाठी? आत कोण गेले, बाहेर कोण राहिले, आणि बाहेर राहिलेल्यांनी पुढे काय केले? मंडळी, सार्वजनिक सभागृहाचा खरा इतिहास त्याच्या खांबांवर किंवा घुमटावर नसतो, तो त्याच्या दारात घडलेला असतो. हे सांगण्यासाठी आज तुम्हाला मुंबईच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर घेऊन जायचे आहे.

तीस पायऱ्यांची इमारत

फोर्टमध्ये हॉर्निमन सर्कलच्या बागेसमोर उभे राहिले, की पांढरे उंच खांब आणि रुंद पायऱ्या दिसतात. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय म्हणून आपण ही वास्तू ओळखतो. पायऱ्या मोजून तीस. मुंबईला एक नगरभवन हवे, ही कल्पना निघाली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. सर जेम्स मॅकिंटॉश या न्यायाधीशाने १८०४ मध्ये ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन केली, तिच्या मंडळींनी या कल्पनेचा पाठपुरावा केला. पैसा कुठून आणायचा? तर सोडत काढून! होय, लॉटरीच. पण लॉटरीच्या पैशात भागेना. अखेर बराचसा भार कंपनी सरकारला उचलावा लागला. आराखडा होता कर्नल थॉमस कूपर या लष्करी अभियंत्याचा. इमारत पुरी झालेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. खांब इंग्लंडहून जहाजाने आले. ते फारच मोठे भरले, म्हणून काही भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला देऊन टाकले, असे सांगतात. रडतखडत का होईना, १८३३ मध्ये काम पुरे झाले.

नाव ‘टाउन हॉल’. म्हणजे शहराचे सभागृह. पण शहर म्हणजे कोण? ज्या सोसायटीचे ग्रंथालय तिथे आले, तिचे सभासद सगळे युरोपियन. पहिले हिंदी सभासद माणेकजी करसेटजी यांना आत प्रवेश मिळायला १८४० साल उजाडावे लागले, आणि तोही सहज मिळाला नाही. पुढे याच ग्रंथालयात डॉ. भाऊ दाजी, भगवानलाल इंद्रजी, महामहोपाध्याय काणे यांच्यासारख्यांनी आपली विद्वत्ता घासूनपुसून लखलखीत केली, ते आपण अभिमानाने सांगतो. सांगायलाच हवे. पण दार आपणहून उघडले नव्हते, हेही त्यासोबत सांगायला हवे.

पायऱ्यांचा एक उपयोग मात्र पहिल्यापासून चांगला झाला. वर उभे राहून खाली बोलता येते! १ नोव्हेंबर १८५८ या दिवशी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला. आधी इंग्रजीत, मग मराठीत. आज जिथे बाग आहे, तिथे तेव्हा मोकळे मैदान होते. वर वाचणारे, खाली ऐकणारे. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले, हे मुंबईकराला मान वर करून ऐकावे लागले. पायरी ही नुसती दगडाची नसते, ती अशी असते.

पदवीधर आत येतात

पण दगडी इमारतींची एक गंमत आहे. बांधणाऱ्याच्या मनात एक असते, वापरणारे दुसरेच घडवतात. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाले तेव्हा त्याला स्वतःचे छप्पर नव्हते. विद्यापीठाचा कारभार टाउन हॉलमधूनच चाले. पहिला पदवीदान समारंभ १८६२ मध्ये इथेच झाला. त्या वर्षी बी. ए. झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, वामन आबाजी मोडक होते, बाळ मंगेश वागळे होते. क्षणभर डोळ्यांसमोर आणा. विशीतली ही मराठी पोरे झगा सांभाळत त्याच तीस पायऱ्या चढून वर गेली. चारच वर्षांपूर्वी त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने खाली उभे राहून जाहीरनामा ऐकला होता.

वर गेलेल्यांनी मग बोलायला सुरुवात केली. जगन्नाथ शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा या वास्तूत एल्फिन्स्टन, माल्कम यांच्या पुतळ्यांच्या पंगतीत बसला. टाउन हॉलमध्ये जाहीर सभा व्हायला लागल्या. लॉर्ड रिपन १८८४ मध्ये परत जायला निघाले, तेव्हा शहराने त्यांना मनापासून निरोप दिला. सभागृह हळूहळू शहराचे होऊ लागले होते.

अकरा डिसेंबर १९१८

आता मी तुम्हाला या वास्तूतला सगळ्यात तंग दिवस सांगतो. त्याच्या आधी थोडी पार्श्वभूमी.

पहिले महायुद्ध चालू होते. मुंबईचे गव्हर्नर होते लॉर्ड विलिंग्डन. युद्धकार्याला मदत मिळावी म्हणून त्यांनी १० जून १९१८ रोजी टाउन हॉलमध्ये परिषद भरवली. लोकमान्य टिळकांना बोलावणे होते. टिळक बोलायला उभे राहिले, आणि स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नरसाहेबांनी त्यांना अडवले. टिळक बोलायचे थांबले आणि सरळ सभागृहाबाहेर चालते झाले. त्यांच्यामागोमाग न. चिं. केळकरही गेले. सहाच दिवसांनी, १६ जूनला, गिरगावातल्या शांतारामाच्या चाळीत निषेधाची सभा भरली. अध्यक्ष होते गांधीजी. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या : दगडी सभागृहात बोलू दिले नाही, तर गिरगावकरांनी चाळीच्या चौकाचे सभागृह केले. गॅलऱ्या हाच बाल्कनीचा वर्ग, आणि तिकीट नाही!

डिसेंबरात विलिंग्डन यांची कारकीर्द संपत आली. त्यांचे स्मारक व्हावे असे काही बड्या मंडळींच्या मनात आले. त्यासाठी शेरीफने ११ डिसेंबरला टाउन हॉलमध्ये मुंबईच्या नागरिकांची सभा बोलावली. हे शेरीफ प्रकरण समजून घ्यायला हवे. शहराच्या नावाने सभा बोलावण्याचा मान मुंबईच्या शेरीफचा. अशा सभेत ठराव झाला, की तो चारदोन धनिकांचा राहत नसे. ‘मुंबई शहराचे मत’ म्हणून त्याची नोंद होई. म्हणजे त्या दिवशी सभागृहातली खुर्ची ही नुसती बसायची जागा नव्हती, ती मत होते. आत जो बसेल तो मुंबईकर, बाहेर राहील तो कोणीच नाही.

हे ओळखले बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी. पुढच्या इतिहासाने या नावाला जो रंग दिला, तो आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण १९१८ चे जिना मुंबईच्या होमरूल चळवळीचे पुढारी होते, काँग्रेसमध्ये होते. टिळक तेव्हा चिरोल खटल्यासाठी विलायतेत होते. जिना आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांनी ठरवले, की शहराची सभा आहे ना, मग शहर तिला जाईल. दारे सकाळी उघडणार होती, सभा संध्याकाळची. स्मारकाला विरोध असणाऱ्यांनी आदल्या रात्रीपासून टाउन हॉलच्या पायऱ्यांवर तळ ठोकला. दारे उघडताच ते आत जाऊन बसले, आणि दिवसभर जागा सोडली नाही. जिनांच्या पत्नी रत्तनबाई यांनी बसलेल्यांच्या खाण्याची व्यवस्था पाहिली.

संध्याकाळी सभा सुरू झाली, पण ती नावालाच. एवढा गोंगाट झाला, की ठराव मांडणाऱ्याचे शब्द शेजाऱ्यालाही ऐकू येईनात. शेवटी पोलीस कमिशनरने सभागृह रिकामे करण्याचा हुकूम दिला. धक्काबुक्की झाली, खुद्द जिना आणि त्यांच्या पत्नीही तीतून सुटल्या नाहीत. लोक बाहेर आले, तर बाहेर त्याहून मोठी गर्दी उभी. अपोलो स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या मुंबई समाचार मार्गावर, जिनांनी जमावापुढे भाषण केले. मुंबईचे नागरिक तुम्हीच, असे त्यांनी लोकांना सांगितले.

मला या प्रसंगातले राजकारण बाजूला ठेवून एकच गोष्ट दाखवायची आहे. सूचनापत्रावर ‘नागरिकांची सभा’ असे छापले होते. लोकांनी तो शब्द खरा मानला. भांडण एवढ्याचवरून होते. बोलावणाऱ्याच्या मनातले ‘सर्व’ आणि येणाऱ्याच्या मनातले ‘सर्व’ वेगळे निघाले.

या लढ्याची आठवण म्हणून लोकांनी एकेक रुपयाची वर्गणी काढली आणि एक सभागृह बांधले. गिरगावच्या बाजूला, काँग्रेस हाऊसच्या आवारातला पी. जे. हॉल तो हाच. पी. जे. म्हणजे पीपल्स जिना. टाउन हॉलमधून बाहेर काढले, म्हणून लोकांनी स्वतःचा हॉल उभारला. आणि काळाचा न्याय बघा. हॉर्निमन यांना सरकारने १९१९ मध्ये हद्दपार करून इंग्लंडला पाठवले. आज त्याच टाउन हॉलसमोरचा चौक त्यांच्या नावाने ओळखला जातो. ज्यांना आत बसू दिले नाही, त्यांचे नाव दारासमोर कायमचे उभे आहे.

‘सार्वजनिक’ म्हणजे काय?

टाउन हॉलच्या दाराशी झालेला झगडा शिकल्यासवरल्यांचा होता. त्याच काळात त्याहून खोल झगडा गावोगावच्या दारांवर चालू होता. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी एक ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेली वा सरकारी संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने ही सगळी ठिकाणे अस्पृश्य समाजाला खुली असावीत, असा तो ठराव. ठराव झाला, पण दारे उघडली का? महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी प्रत्यक्षात पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर चालत जावे लागले. कागदावर उघडलेले दार आणि प्रत्यक्षात उघडलेले दार यांत केवढे अंतर असते, हे महाडइतके दुसऱ्या कुणी शिकवलेले नाही.

मी हे सगळे एकाच मापाने मोजत नाही. जातीची भिंत वेगळी आणि दगडाची पायरी वेगळी. पहिली माणसाने जाणूनबुजून उभी केली, दुसरी बहुतेकदा विसरभोळेपणाने राहून गेली. पण जो बाहेर राहतो, त्याला बाहेरच वाटते. आणि दोन्हींच्या बाबतीत आत बसलेल्यांचे उत्तर तेच असते : “आम्ही कुठे कुणाला अडवले आहे? या की!”

आज कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सांगतो, की सार्वजनिक इमारती सगळ्यांना वापरता आल्या पाहिजेत. जुन्या इमारतींसाठी त्याने नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम निघाले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत २०२२ मध्येच सरली. सर्वोच्च न्यायालयानेही ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात बजावले, की ही केवळ मार्गदर्शक सूचना मानून चालणार नाही, याबाबत सक्तीचे नियम हवेत.

आता एक साधे गणित. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा, तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. त्याहून उभा केला तर खुर्ची ढकलणाऱ्याची दमछाक होते आणि बसलेल्याचा जीव टांगणीला लागतो. टाउन हॉलची पायरी अर्ध्या फुटाची धरली, तर तीस पायऱ्यांचे पंधरा फूट, आणि उताराची लांबी एकशेऐंशी फूट. मध्ये विसाव्याचे सपाट टप्पे वेगळेच. म्हणजे एवढ्या उंच जोत्याला नुसता उतार पुरत नाही, उद्वाहकाचा विचार करावा लागतो. तोही दर्शनी भागाला धक्का न लावता, आणि उद्या काढून घेतला तरी मूळ दगडावर ओरखडा राहू नये असा. वारसा वास्तूंचे जाणकार हे शक्य आहे असेच सांगतात. आणि नुसते दार ओलांडून भागत नाही. खुर्ची वळेल एवढे स्वच्छतागृह हवे, व्यासपीठावर जायला वाट हवी, कमी ऐकू येणाऱ्याला वक्त्याचे ओठ दिसतील असा उजेड हवा.

मागचे दार

शेवटी पुन्हा आमच्या गावच्या हॉलकडे येतो. नानांचे ते वाक्य मी समितीपुढे सांगितले. आधी शांतता. मग नेहमीचे सुरू झाले. पैसे कुठे आहेत? पायऱ्या तोडल्या तर इमारतीची शोभा जाईल. असे कितीसे लोक येतात? या शेवटच्या प्रश्नाला आमच्या शिपाईमामांनी दारातूनच उत्तर दिले : “येता येत नाही म्हणून येत नाहीत, साहेब.”

मामांनीच पुढचे दाखवले. इमारतीच्या मागच्या अंगाला एक दार आहे. खुर्च्यांचा टेम्पो तिथे लागतो, तबला-पेटी तिथून आत जाते. तिकडची जमीन चढी, त्यामुळे तिथे दोनच पायऱ्या. दोन पायऱ्या म्हणजे एक फूट. एक फूट म्हणजे बारा फुटांचा उतार. बाजूला कठडा. गावातल्या गवंड्याने आठवड्यात करून दिला. चाळीस वर्षे आम्ही त्या दाराने खुर्च्या आत नेल्या, पण चाकाची खुर्ची नेण्याचे सुचले नव्हते.

मी आनंदाने नानांना फोन केला. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे तुम्ही सगळे पुढच्या दाराने, आणि मी मागच्या? अरे, बोले साहेबांचा ठराव तूच शिकवायचास ना वर्गात?”

मी निरुत्तर झालो. रात्रभर विचार केला. नानांचे म्हणणे खरे होते. उतार झाला होता, पण दार अजून मागचेच होते.

त्या वर्षीच्या पत्रिकेत मी एक ओळ बदलली. खाली लिहिले : ‘सर्वांनी पूर्वेकडील दाराने यावे.’ मागचे दार पूर्वेलाच आहे. पुढचे आम्ही त्या दिवशी उघडलेच नाही. पताका तिकडे लावल्या, रांगोळी तिकडे काढली, चपला काढायची जागा तिकडे केली. अध्यक्ष त्याच दाराने आले, प्रमुख पाहुणे त्याच दाराने आले, गुडघे धरून चालणाऱ्या आमच्या पिढीतल्या कितीतरी जणी त्याच दाराने आल्या. त्यांतल्या एक आजी तर म्हणाल्या, की सहा वर्षांनी हॉल आतून पाहिला. त्यांचे गुडघे कुणी मोजलेच नव्हते.

नाना आले. खुर्चीची चाके स्वतःच्या हातांनी फिरवत वर चढले. मी मागून हात लावायला गेलो, तर म्हणाले, “राहू दे.” व्यासपीठाला आम्ही अजून उतार करू शकलेलो नाही, ते काम बाकी आहे. म्हणून त्या दिवशी वक्ते व्यासपीठावर बसलेच नाहीत. सगळे खाली, श्रोत्यांच्या पातळीवर बसले. नानांनी तिथूनच हॉलचा इतिहास सांगितला, आणि त्यात एक नवे वाक्य घातले : या इमारतीला पूर्वेकडून एक दार आहे.